कूलरमागची दीर्घिका

अंकुरचा प्लॅन एकदम फिट होता. अकरा वाजता पुण्याच्या संशोधन संस्थेची मुलाखत, लॅपटॉपवर. जागा एकच. दूरच्या दीर्घिकांच्या पोटात दाट वायूवर जोराचे आघात होतात, तेव्हा तिथले रेणू रेडिओ लहरी सोडतात. त्या वाचायचं काम. मोर्शीत बसून, फुकटचा डेटा उतरवून, हे सगळं तो स्वतःच शिकला होता. प्रश्नांची भीती नव्हती. भीती होती आईची. पार्वताबाई ऐन मुलाखतीत चहा घेऊन येणार आणि मोठ्या लोकांना "जेवले का?" विचारणार.

म्हणून त्यानंच सुचवलं, "आई, वर्साचं तिखट आजच करून टाक ना. कुटाले माणिकबाईले बी बोलाव."

"आज लय घरची काळजी पडली तुले!"

"मांगच्या आंगनात कर. घरात धूर नोको."

दार लावलं, खिडक्या लावल्या, संत्र्याच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवला. बाहेर पंचेचाळीस डिग्री, म्हणून कूलर फुल्ल. कूलरचं तोंड खोलीत, पाठ मागच्या अंगणात. आणि त्या पाठीला लागूनच पार्वताबाईंनी चूल मांडली, कारण अंगणात सावली तेवढीच.

पहिली दोन उत्तरं झकास गेली. तिसऱ्याला कढईत मिरच्या पडल्या.

मुलाखत घेणाऱ्या पातुरकर मॅडम विचारत होत्या, "तिथं धूळच धूळ. आतलं दिसत नाही. मग वायूला धक्का बसलाय, हे ओळखणार कसं?"

हे उत्तर त्याला झोपेतही आलं असतं. त्यानं तोंड उघडलं. "सि... सिलि... ख्यॅक!"

कूलर बंद केला, तर लॅपटॉप तापून अडखळायला लागला. पुन्हा चालू केला, तर ठसका दुप्पट. शेवटी त्यानं धाडकन दार उघडलं. दारात आई, हातात पाण्याचा तांब्या.

"काहून खोकलून राहिला? अन् ह्या बाई काय इचारून राहिल्या?"

अंकुरनं हात जोडले. मॅडमनी मात्र प्रश्न पुन्हा विचारला, काकूंना.

"त्यात पाहाचं काय?" पार्वताबाई थेट लॅपटॉपशी बोलल्या. "मिरची पोत्यात हाय तवरक गुपचूप रायते. मुसळ बसलं का चार घरं ठसकतात. शेजारच्या नत्थुजीले भिंतीपलीकडून दिसते काय? तरी तो सांगते, पार्वताबाईनं मिरच्या कुटल्या!"

अंकुरनं डोळे पुसत पुसत टाइप केलं: 'मिरची म्हणजे धूळकण. मुसळ म्हणजे आघात. ठसका म्हणजे सिलिकॉन मोनॉक्साइड. सिलिकॉन एरवी धुळीत अडकलेलं असतं, धक्का बसला की वायूत सुटतं.'

मॅडम हसल्या. "काकू, मी अकोल्याची हाय. तिखट उरलं तं सांगजा."

संध्याकाळी मेल आला. अंकुर ओरडतच अंगणात धावला. "आई! सिलेक्शन झालं!"

पार्वताबाईंनी चाळणी थांबवली.

"कोनाचं?"