आबांना सन्मानाने घालवण्याचा कार्यक्रम

फुटबॉल हा गोल करण्याचा खेळ आहे, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. दीपनगरच्या कॉलनीत होतं. आणि ते वेगळं मत उदय फुटबॉल क्लबच्या मॅनेजरचंच असल्यामुळे कॉलनीतल्या प्रेक्षकांनी आपल्या पोरांनी मारलेला गोल कित्येक हंगामांत पाहिलेला नव्हता. दुसऱ्यांनी आपल्यावर मारलेलाही फारसा पाहिला नव्हता, हे खरं. पण त्यात आनंद मानायला माणूस फार थोर असावा लागतो. मैदानाकडेच्या कट्ट्यावर बसणारी मंडळी तेवढी थोर नव्हती.

मॅनेजर म्हणजे यादव आबा सुरवाडे. नोकरीने वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये. तिथली रीत अशी, की पाळीत काहीही घडलं नाही तर पाळी उत्तम गेली. आबांनी हीच रीत संध्याकाळी मैदानावर आणली होती. सगळी पोरं आपल्या गोलपुढे उभी. एकटा जण मध्यरेषेजवळ, तोही चुकून बॉल आला तर परत धाडायला. "आधी आपलं घर सांभाळा," असं आबा पोरांना सांगत, "समोरच्याच्या घरात आपलं काय ठेवलंय?" सामना संपला की ते समाधानाने हात झटकत आणि म्हणत, "झालं. काही झालं नाही."

नरडाण्याच्या संघाशी झालेला सामनाही असाच काहीही न होता संपला, तेव्हा कट्ट्यावर सुकलालचा तोल गेला. सुकलाल मूळचा दोंडाईच्याकडचा, क्रेन चालवायचा आणि क्रेनच्या आवाजावर मात करून अहिराणीत बोलायचा.

"बठ्ठासले मांगे उभा करी ठेवस हाऊ माणूस! मनी म्हैस बी पुढे जास, पन हाई टीम पुढे जात नही!"

"हळू बोल भो," नवल तायडे म्हणाला. "आबा तिकडेच उभे आहेत."

"उभाच शेतस ना? तेच तर सांगी राह्यनू. बठ्ठा उभाच शेतस!"

नवलला सुकलालचं म्हणणं शब्दाशब्दाला पटत होतं. किंबहुना त्याचं दुःख सुकलालहून मोठं होतं. त्याचा मुलगा आकाश डाव्या पायाचा, वाऱ्यासारखा पळणारा. असा मुलगा आबांनी आपल्या गोलपुढे खांबासारखा रोवून ठेवला होता. धुळ्याला लवकरच स्पर्धा होती. एका खात्याच्या खेळाडू भरतीचे साहेब तिथे सामने बघायला येणार होते, आणि आकाशच्या वयाची अट याच वर्षी संपत होती. साहेब गोल मारणाऱ्याला घेणार, की गोलपुढे उभा राहणाऱ्याला, हे सांगायला नवलला कोणा जाणकाराची गरज वाटत नव्हती.

"मग सरळ जाऊन सांगा ना आबांना," त्याची बायको मोहिनी म्हणाली. "मधे एक भिंत तर आहे."

तीच तर अडचण होती. तायडे आणि सुरवाडे यांच्या क्वार्टरांत एकच भिंत. मागच्या अंगणातल्या भिंतीवरून पार्वताबाईंची, म्हणजे आबांच्या बायकोची, सगळ्यांच्या अक्कांची, भाजीची वाटी इकडे यायची आणि मोहिनीची तिकडे जायची. नवलचे वडील आजारी पडले तेव्हा त्यांना स्कूटरवर मधे बसवून दवाखान्यात नेणारे आबाच होते. अशा माणसाला तोंडावर 'तुम्ही जा' म्हणायचं कसं? म्हणून नवल जेवण झालं की मोहिनीलाच सगळं सांगायचा. तावातावाने. "या माणसाला बॉलची भीती वाटते का? माझ्या पोराचं नशीब गोलपोस्टला बांधून ठेवलंय!" मोहिनी भांडी आवरत "हं" म्हणायची आणि नवलला तेवढ्यापुरतं आबांना सुनावल्यासारखं वाटायचं.

मार्ग अमृत सरांनी काढला. अमृत सर शाळेत मराठी शिकवत आणि कॉलनीतल्या यच्चयावत कार्यक्रमांत सूत्रसंचालन करत.

"आपल्याकडे कोणाला असं काढतात का?" सर म्हणाले. "सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. क्लबसाठी आयुष्य वेचलं म्हणायचं. 'वेचलं' म्हटलं की संपलं हे आपोआप आलं. शेवटी मी म्हणतो, आबांनी आता विश्रांती घ्यावी, नव्यांना मार्गदर्शन करावं. टाळ्या. भरीत-भाकरी. विषय मिटला."

"आन् आबा नही उठनात तं?" सुकलालने विचारलं.

"शाल घेतलेला माणूस पुन्हा शिट्टी गळ्यात घालतो का? बरं दिसतं का ते?"

ही गोष्ट तिघांनाही बिनतोड वाटली.

पहिली अडचण फ्लेक्सवाल्याकडे आली. नवल आबांचा फोटो घेऊन भुसावळला गेला आणि म्हणाला, वर लिहा, 'यादव आबांना भावपूर्ण निरोप'. फ्लेक्सवाल्याने फोटो हातात घेतला, आवाज खाली आणला आणि विचारलं, "कधी गेले?"

"गेले नाहीत. जायचेत."

"मग दोन दिवस थांबा ना. तारीख टाकावी लागते."

नवलने घाबरून 'निरोप' काढायला लावला. त्या जागी 'कृतज्ञता सोहळा' आलं. म्हणजे आबांनी जावं, ही गोष्ट आता फ्लेक्सवर नव्हती. ती केवळ भाषणांवर अवलंबून होती. त्यातही, आपण नुसती प्रस्तावना करायची असं नवलने ठरवलं. सुकलालने आपल्याला बोलता येत नाही म्हणून आठवणी सांगायचं कबूल केलं. मुख्य वाक्य अमृत सरांकडे राहिलं.

कार्यक्रम कॉलनीबाहेरच्या एका मळ्यात ठेवला. थंडीचे दिवस, ताजी हिरवी वांगी. तुराट्यांवर वांगी भाजली जात होती, आणि तो वास सुटला की खानदेशातल्या माणसाच्या मनात कोणाबद्दल वाईट राहत नाही. हा धोका कोणीच लक्षात घेतला नव्हता. आबा कडक इस्त्रीच्या सफारीत आले. अक्कांनी नवं लुगडं नेसलं होतं. मागे क्लबची पोरं रांगेत उभी होती. सवयीने, मागेच.

नवल बोलायला उठला. दोन मिनिटांत आटपायचं, असं त्याच्या मनात होतं. पण हातात माइक, समोर शाल, आणि आबा खाली मान घालून बसलेले. अशा वेळी मराठी माणसाच्या तोंडून जी भाषा निघते ती त्याची स्वतःची नसते. ती आधीच्या सगळ्या सत्कारांतून साठलेली असते.

"गोल काय, कोणीही मारतो," नवल म्हणाला, आणि आपण हे म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं. "पण संकटात पाय रोवून उभं कसं राहायचं, हे आबांनी शिकवलं. माझा आकाश आज जिथे उभा आहे, तिथे त्याला आबांनी उभं केलं. बाप म्हणून सांगतो, त्याची जागा तीच आहे. त्याला दुसरीकडे कुठे बघायची माझी इच्छा नाही."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत आकाशने बापाकडे पाहिलं. मोहिनीनेही पाहिलं, पण ते वेगळं पाहणं होतं.

मग सुकलाल. त्याने माइक बाजूला सारला, कारण त्याला लागत नव्हता. "आबा," तो म्हणाला, "तुम्ही शेतस म्हनीसन या क्लबनी आबरू शे. दुसरा गावना टीम आठ-आठ गोल खातस. आपला पोरेसनी कधी मान खाले घाली का? नही घाली! बठ्ठं तुम्हना मुये!" सामन्यात तोंडसुख घेतलेलं त्याला एकदम आठवलं असावं. तो खाली बसला आणि टॉवेलने डोळे पुसू लागला. तुराट्यांचा धूर होता, असं त्याने नंतर सांगितलं. वारा उलट्या दिशेचा होता.

आता सगळी भिस्त अमृत सरांवर होती. सर उठले. त्यांनी पल्लेदार वाक्य सुरू केलं. "आबांनी आता…" इथे त्यांची नजर अक्कांकडे गेली. अक्का पदराने डोळे टिपत होत्या. सर थांबले. वाक्य सुरू झालेलं होतं, ते कुठेतरी न्यायलाच हवं होतं. "आबांनी आता विश्रांती," सर म्हणाले, आणि मोठा श्वास घेऊन पुढे म्हणाले, "घेण्याचा विचारही मनात आणू नये!"

टाळ्या थांबेनात. नवल आणि सुकलालही वाजवत होते. न वाजवून करणार काय?

आबा उठले. खांद्यावर नुकतीच पडलेली शाल सावरली.

"जय भीम. नमस्कार. मला भाषण येत नाही. खरं सांगतो, आज मी क्लब सोडायचं ठरवून आलो होतो."

वांग्यांची सालं तडकत होती तेवढाच आवाज.

"लोकांना माझा खेळ आवडत नाही, हे मला माहीत होतं. आमच्या क्वार्टरची भिंत फार पातळ आहे." आबांनी नवलकडे बघितलं, रागाने नव्हे. "रोज कानावर पडायचं. एकदा वाटलं, नवल म्हणतो ते बरोबर असेल. आपलं वय झालं. पोराच्या आड आपण का यावं? म्हणून मनाशी ठरवलं होतं, धुळ्याला आकाशला पुढे खेळवायचं, एकदम मोकळा सोडायचा, आणि त्यानंतर आपण थांबायचं. अक्काला विचारा."

अक्कांनी मान हलवली.

"पण माणूस घरात चिडून बोलतो ते खरं, की चार लोकांसमोर उभा राहून बोलतो ते खरं? आज नवलने बाप म्हणून सांगितलं. आता मी सोडून गेलो तर या प्रेमाचा अपमान होईल. जिवात जीव आहे तोवर क्लब सांभाळीन. आणि नवल, आकाशची जागा तीच राहील. तुला शब्द देतो."

भरीत फार चांगलं झालं होतं. नवलला ते गिळवलं नाही.

घरी जाताना मोहिनी म्हणाली, "मी एवढ्या वर्षांत नुसती 'हं' म्हणाले. माझंच चुकलं. एकदा तरी 'हळू बोला' म्हणायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी नवल हिय्या करून अंगणातल्या भिंतीपाशी गेला. पलीकडे आबा तुळशीला पाणी घालत होते.

"आबा, ते आकाशचं… मी काय म्हणत होतो, धुळ्याला जरा…"

"काही काळजी करू नको," आबा म्हणाले. "मी त्याला तसूभर हलू देणार नाही." आणि त्यांनी भिंतीवरून वाटी पुढे केली. अक्कांनी शेवेची भाजी केली होती. नवलने वाटी घेतली.

त्या रात्रीपासून तायड्यांच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

धुळ्याला सगळे क्रूझर गाडीत दाटीवाटीने गेले. मैदानाच्या कडेला तंबूत भरतीचे साहेब खुर्च्यांवर बसले होते. सामना सुरू झाला आणि उदय क्लब आपल्या घरी जाऊन बसला. मध्यंतराच्या आधी एकदा बॉल आकाशच्या डाव्या पायावर आला आणि समोर सगळं मैदान मोकळं होतं. आकाश चार पावलं पळाला. थांबला. त्याने आबांकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. 'जा!' नवलच्या ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात आबांनीही नवलकडे पाहिलं, डोळ्यांत इतका जिव्हाळा होता, की नवलच्या तोंडून शब्द फुटला नाही. आकाशने बॉल मागे दिला.

मध्यंतरानंतर मात्र धुळेकर तुटून पडले, आणि आकाश जे खेळला ते कट्ट्यावरच्या कोणी कधी पाहिलं नव्हतं. एक बॉल त्याने रेषेवरून छातीने काढला, दुसरा घसरून, तिसरा कसा काढला ते त्यालाही सांगता आलं नसतं. गुडघा फुटला तरी तो हटला नाही. नवल जागचा उठून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, की हेही बघण्यासारखं असतं. ज्याला खेळ कळतो असा कोणी साहेब हे बघून लिहून घेईल.

"साहेबनी देखं व्हई!" सुकलाल ओरडत होता. "देखं व्हई साहेबनी!"

सामना शून्य-शून्य सुटला. आबांनी समाधानाने हात झटकले. आकाश लंगडत बापाजवळ आला, बाटलीतलं पाणी गुडघ्यावर ओतलं आणि खाली बघत म्हणाला, "पप्पा, त्या दिवशी मळ्यात म्हणालात ना, माझी जागा तीच आहे. ते खरं म्हणालात की उगाच?"

नवलने तंबूकडे पाहिलं आणि मग पोराच्या गुडघ्याकडे.

"खरं," तो म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

साहेब मध्यंतराला चहा प्यायला म्हणून उठले होते, ते तसेच नंदुरबारला निघून गेले होते.