जगदाळे काकांनी सॉफ्टवेअर घेतलं

सॉफ्टवेअर दाखवायला आलेला माणूस जरा रंगात आला, की जगदाळे काका उठून मेन स्विच बंद करतात.

सांगून नाही. पाणी प्यायचं निमित्त करून हळूच उठायचं आणि खटका खाली. पंखा थांबतो, इंटरनेट जातं, समोरच्याच्या पडद्यावर ते चक्र गोल गोल फिरायला लागतं, आणि काका मनगटावरचं घड्याळ बघत विचारतात, "अब बताइए. बिजली गई, तो शर्माजी की तनख्वाह का क्या होगा?"

शर्माजी नावाचा कामगार आमच्याकडे नाही. पण सात महिन्यांत पाच कंपन्यांच्या माणसांनी त्याच्या पगाराची काळजी वाहिली.

अमौसीला, विमानतळाच्या अलीकडे, काकांचा लाकडी खोक्यांचा कारखाना आहे. विमानाने जाणारी नाजूक यंत्रं त्यात बंद होऊन जातात. कामगार सोळा. काका मूळचे साताऱ्याकडचे. हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, शेवटची बदली लखनऊला झाली, ते इथेच राहिले. मी सोलापूरची, नवरा इथल्या एका संशोधन संस्थेत. मराठी मंडळाच्या गणपतीत, मोदक वळता वळता, मी बी.कॉम. असल्याचं बोलून गेले. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस मी काकांच्या कारखान्याचे हिशेब बघते. मोदक वळताना गप्प राहावं, एवढं मी त्यातून शिकले.

काकांचा जगाविषयीचा निकाल एका शब्दात असतो. वस्तू चालण्याजोगी असेल तर 'सर्व्हिसेबल', नसेल तर 'अनसर्व्हिसेबल'. मंडळाचा माइक, मी केलेला पहिला चहा, स्वतःचा डावा गुडघा, सगळे अनसर्व्हिसेबल. सर्व्हिसेबल फक्त त्यांचं हजेरीचं मस्टर. त्यात एक टिंब म्हणजे अर्धा दिवस. दोन टिंबं म्हणजे उशिरा आला. टिंबाखाली रेघ म्हणजे उशिरा आला, पण कारण खरं होतं.

"कारण खरं होतं हे पगारात कुठे मांडू, काका?"

"मांडायचं कशाला? लक्षात ठेवायचं."

अशा मस्टरवरून दर महिन्याला पगार काढायचे, भविष्य निर्वाह निधीचे आकडे भरायचे, आणि टिंबाखालची रेघ दिसली नाही म्हणून बोलणी खायची. शेवटी मीच सॉफ्टवेअरचा हट्ट धरला. चूक माझीच.

गोमती नगरहून एक मुलगी आली. हुशार, नम्र. काकांनी विचारलं, "सारा हिसाब रहेगा कहाँ?"

"क्लाउड में, सर."

"बेटा, मैंने पूरी नौकरी बादल देखे हैं. वहाँ कुछ टिकता नहीं." काका नोकरीभर जमिनीवर, विमानाच्या पोटाखाली झोपून काम करत होते, हे मी तिला सांगितलं नाही. ती जाताना माझ्याकडे बघून कीव आल्यासारखी हसली.

दुसऱ्या एकाचं सॉफ्टवेअर खरंच चांगलं होतं. मेन स्विचच्या परीक्षेतही ते टिकलं. काकांनी ते नाकारलं, कारण त्यात कामगाराच्या नावाआधी नंबर येत होता. "नाव मागं, नंबर पुढं? हा काय जेल आहे?"

सातव्या महिन्यात मी मस्टर त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "एक तारखेपर्यंत काही घेतलं नाहीत, तर मी येणार नाही."

काकांनी मस्टरची दोन पानं चाळली आणि ते मिटलं. मग म्हणाले, "ते नंबरवालंच बोलव. नाव पुढं घेता येतंय का विचार."

येत होतं. मी सात महिने आधी विचारायला हवं होतं.

एक तारखेला सॉफ्टवेअर सुरू झालं. त्याच्यासोबत दारापाशी अंगठ्याचं यंत्र बसलं. अंगठा लावला की ते 'थँक यू' म्हणतं आणि हजेरी परस्पर माझ्या कॉम्प्युटरात येते. शिस्त म्हणजे शिस्त, म्हणून काकांनी स्वतःचंही नाव घातलं. कारखान्याकडून ते पगार घेतात, तेव्हा मालकही रांगेत. मी महिनाभर सुखात होते.

महिनाअखेरीला पगार काढायला बसले. पंधरा मिनिटांत सगळं झालं. मग एका ओळीवर माझी नजर थांबली. जगदाळे काका: हजर तीन दिवस, पुढे महिनाभर गैरहजर. सॉफ्टवेअरने मालकाचा जवळजवळ सगळा पगार कापला होता.

मला असा संताप आला! सात महिने माझा जीव खाल्ला आणि आता स्वतः अंगठा लावायचा कंटाळा! दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर आधी, कामगार यायच्या वेळेला, मी भांडायच्या तयारीनेच पोहोचले.

दारापाशी रांग होती. यंत्राशेजारी रुमाल घेऊन काका उभे. रांगेत शकूर मियाँचा नंबर आला. शकूर मियाँ म्हणजे काकांचे पहिले कामगार, आता सत्तरीला आलेले. खोक्यांच्या कडा त्यांच्यासारख्या कोणी घासत नाही. त्यांनी अंगठा लावला. यंत्र म्हणालं, "ट्राय अगेन."

"रुकिए मियाँ, काँच पर धूल है," काका पुढे झाले. त्यांनी रुमालाने काच पुसली. पुसता पुसता रुमालाच्या आडून स्वतःचा अंगठा टेकवला.

"थँक यू," यंत्र म्हणालं.

"देखा? पहचान लिया आपको."

"शुक्रिया, साहब," शकूर मियाँ म्हणाले. हे काकांना होतं की यंत्राला, कोण जाणे. डबा सावरत ते आत गेले.

मी काकांच्या मागोमाग केबिनमध्ये शिरले. भांडण ओठांवरच राहिलं होतं.

"पॉलिशपेपर घासून घासून त्यांच्या बोटांवर रेघच उरली नाही," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "दहाही बोटं लावून बघितली. पहिल्या दिवशी यंत्र पाच वेळा नाही म्हणालं. मागची पोरं हसली. हा माणूस डबा उचलून घरी गेला, पुढचे दोन दिवस आला नाही. मी घरी गेलो, तर म्हणतो, साहब, अब तो मशीन ने भी कह दिया, घर बैठो."

"म्हणून तुमचा अंगठा त्यांच्या नावावर?"

"माझ्या नावावरचा काढला, त्यांच्या नावावर घातला. सोपं आहे ते. विमानापेक्षा सोपं."

"अहो, मला सांगायचं. मी त्यांची हजेरी हाताने भरली असती."

"ती तू तुझ्या कॉम्प्युटरात भरशील गं. त्यांना थँक यू कोण म्हणणार?"

मी म्हटलं, "नऊ बोटं उरलीत तुमची. एखादं स्वतःच्या नावावर लावा."

"दोनदा बोट लावलं तर पोरांच्या लक्षात येईल." मग त्यांनी माझ्यासमोरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला. "चल, काम कर. मालकाच्या हजेरीचं काय एवढं!"

ते गेले. बाहेर करवत सुरू झाली. मी कॉम्प्युटर उघडला आणि काकांच्या नावापुढची एकेक गैरहजेरी दुरुस्त करायला घेतली. प्रत्येक दिवसाला सॉफ्टवेअर कारण विचारत होतं आणि खाली यादी देत होतं: आजारपण, रजा, विसरले, ऑन ड्यूटी.

मी प्रत्येक दिवसापुढे ऑन ड्यूटी निवडत गेले.