ऑर्किडच्या कळ्या आणि क्षिप्रास्नान

"आजपासून बाथरूममध्ये कोणी अंघोळ करायची नाही," नंदाने जाहीर केलं.

तिचा नवरा सुहास खांद्यावर टॉवेल टाकून दारातच थबकला. आत कट्ट्यावर, बादलीत, साबणाच्या फळीवर, सगळीकडे कुंड्या.

"अहो, ऑर्किड आहेत. दमट हवा लागते. साबणाचा वास चालत नाही."

"आणि मला काय चालतं?"

"तुम्हाला काय, काहीही चालतं."

देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता. नंदाचा भाऊ बंगलोरहून येऊन सांगून गेला होता, की याचं एकेक फूल विमानाने परदेशी जातं. उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या त्या दोन खोल्यांतून आजवर इंदूरलासुद्धा काही गेलं नव्हतं. पण त्या वर्षांत ज्याला मोरीतसुद्धा एक्स्पोर्ट दिसत नसेल तो माणूस बावळट ठरत होता. नंदा स्वयंपाकघरात चादर बांधून अंघोळ उरकायची. तिचं होईपर्यंत नळ जायचा. सुहास मुकाट्याने सायकल काढून क्षिप्रेच्या राम घाटावर अंघोळीला जाऊ लागला.

त्याचे साहेबही तिथे यायचे. दिवसभर ठेकेदारांची पाकिटं घ्यायची आणि पहाटे नदीला नमस्कार करायचा, असा त्यांचा भक्तिमार्ग.

"अरे दिघे! रोज़ आते हो?"

"रोज, सर." यात खोटं काहीच नव्हतं.

बदल्यांच्या यादीत सुहासचं नाव दूरच्या झाबुआसाठी पक्कं झालं होतं. नंदाची शाळा उज्जैनात; म्हणजे तिकडे एकट्याने पोळ्या जाळत बसायचं. साहेबांनी त्या दुपारीच नाव खोडलं. "ऐसे भक्त को मैया से दूर करूँ? पाप लगेगा. कल मिलते हैं घाट पे!"

झालं. आता घाट चुकवायची सोय राहिली नाही.

डिसेंबर आला आणि ऑर्किडने कळ्या धरल्या.

"आता यांना वाफ हवी," नंदा म्हणाली. "उद्यापासून आतच अंघोळ करा. कढत पाण्याने. साबण मात्र नको हां."

"अगं, मग घाटावर?"

"तिथे पण करा."

झाडांसाठी एक अंघोळ, साहेबांसाठी दुसरी! आठवड्यातच सुहास शिंकांनी खिळखिळा झाला.

"बास, उद्यापासून घाट बंद!"

"आणि झाबुआ?" नंदाने विचारलं. "अहो, नुसतं डोकं ओलं करा की. भक्ती तेवढीच दिसते लोकांना."

दुसऱ्या दिवशी घरी कढत अंघोळ करून सुहास धुक्यातून घाटावर गेला आणि लोटा घेऊन काठावरच्या एका दगडी छत्रीच्या आडोशाला शिरला. तिथे आधीच कोणीतरी उभं होतं. अंगात स्वेटर, धोतर कोरडं ठणठणीत. हातातला थर्मास डोक्यावर ओतणं चाललं होतं आणि टकलावरून वाफ निघत होती.

साहेबांनी सुहासकडे पाहिलं. सुहासने आपल्या लोट्याकडे पाहिलं.

"आज पानी बहुत ठंडा है," साहेब म्हणाले.

"बर्फ, सर. एकदम बर्फ."

सुहास शीळ घालत घरी आला. साहेबाचं बिंग हातात आल्यावर आता कसली बदली! त्याला वाटलं, आपण सुटलो. साक्षीदाराचं सरकारी खात्यात काय होतं, हे त्या गाढवाला एवढ्या नोकरीनंतरही कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात झाबुआची ऑर्डर निघाली.

निरोप समारंभात साहेबांनी स्वतः हार घातला. "ऐसे भक्त उज्जैन में तो बहुत हैं," ते हात जोडून म्हणाले, "झाबुआ को इनकी ज़रूरत है!"

टाळ्या पडल्या. सगळे म्हणाले, "दिघे, आप भी दो शब्द बोलो."

सुहास उभा राहिला. "बाकी कुछ नहीं, सर. बस इतना बता दीजिए, थर्मास में पानी कितनी देर गरम रहता है?"