हिरालालशेठच्या मिलमधली राजकारणबंदी

हिरालालशेठ बिसेन यांनी आपल्या राईस मिलच्या भिंतीवर ती पाटी रंगवून घेतली, तेव्हा आपणच जुळवलेल्या सोयरिकीवर आपण पाणी फिरवतो आहोत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सोयरीक त्यांच्याच दोन माणसांच्या घरची. मनीराम रहांगडाले मशीनच्या तोंडाशी धान ओतायचा आणि भुवनेश्वर पटले दुसऱ्या टोकाला तांदळाचे कट्टे शिवायचा. मनीरामची रिंकी भुवनेश्वरच्या हेमेंद्रला द्यायचं ठरलं होतं, तेही शेठच्या मध्यस्थीने. अर्धं आमगाव आपल्याच मध्यस्थीने संसाराला लागलं, असं शेठ सांगत. मोडलेल्या सोयरिकी ते हिशेबात धरत नसत.

दोघे व्याही कामाला वाघ, पण पक्ष वेगवेगळे. मशीन सुरू झालं की नहराचं, म्हणजे कालव्याचं, पाणी कोणाच्या पक्षाने आणलं, यावरून त्यांची जुंपायची. पाणी अजून कोणाच्याच धानाच्या बांधीत पोचलं नव्हतं, पण श्रेय दोघांनाही हवं होतं. घरघरीत ओरडून बोलायचं, त्यातलं अर्धं ऐकूच यायचं नाही. चहाच्या वेळेपर्यंत दोघांचे घसे बसलेले असत आणि ते एकाच बाकावर गुमान चहा पीत.

ऐन निवडणुकीत कोणीतरी या भांडणाचा व्हिडिओ काढून गावभर फिरवला. सकाळी एका पक्षाची माणसं येऊन विचारून गेली, "शेठ, मिल कोणाकडून आहे?" संध्याकाळी दुसऱ्या पक्षाची आली. शेठना घाम फुटला. त्यांनी फुलचूरला राहणाऱ्या आपल्या वकील भाचीला, योगेश्वरीला, फोन लावला.

"दोघांलेही सांगून देतो, मी म्हणीन त्यालेच मत द्या. कटकटच मिटली!"

"मामाजी, तसं केलं तं तुमच्यावरच केस होईन. मत ज्याचं त्याचं. मतदानाले पगारी सुट्टी द्या, अन् पक्ष पाहून कोणाले काढाचं नाई."

"मंग मी मालक कायचा? फक्त वीजबिल भराचा?"

"कामाच्या जागी राजकारणावरून भांडाचं नाई, एवढा नियम करा. पन तो सगळ्या पक्षांले सारखा अन् सगळ्या मानसांले सारखा. तुमालेही. अन् पगार कापाचा नाई मनानं."

झालं, पाटी लागली: 'मिलमध्ये राजकारण बोलायचं नाही. जो बोलेल तो संध्याकाळी मिल झाडेल.'

मिल झाडणाऱ्या फुलवंताबाईला हा नियम फार पसंत पडला. "अन् मालक, तुमी बोलले तं?"

"मंग मीही झाडीन," शेठ छाती काढून म्हणाले.

दोन दिवस मिलमध्ये देवळासारखी शांतता होती. पण माणूस गप्प तरी किती बसणार? घरचं बोलणं काही मशीनवर ओरडून होत नाही. ते चहाच्या वेळी, मशीन बंद असताना सुरू झालं आणि पहिल्यांदाच दोघांना एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"बराती किती आणून राहिले, समधीजी?" मनीरामने विचारलं.

"तीनशे."

"मांडवात दीडशेची जागा आहे."

"मंग बाकीचे का झाडावर बसतीन?"

दुसऱ्या दिवशी डीजेचा विषय निघाला. गल्लीत डीजे मावत नाही, बँड आणा, असं मनीरामचं म्हणणं. पोरगा एकुलता आहे, गल्ली रुंद करा, असं भुवनेश्वरचं. तिसऱ्या दिवशी भुवनेश्वरच्या तोंडून नको ते गेलं.

"तुमच्या पुतनीच्या लग्नात भात कमी पडला होता. आमच्या वेळी तसं होऊ देऊ नका."

मनीरामच्या कपातला चहा सांडला. जन्मभर धान ओतणाऱ्या माणसाच्या घरी भात कमी पडला म्हणायचं, म्हणजे त्याचं नाकच कापायचं.

"माह्या घरी? भात? मी पोरगी देत नाई तुमच्या घरी, जा!"

त्या संध्याकाळी रिंकीचा शेठना फोन आला. "काकाजी, बाबूजी जेवलेच नाई. पत्रिका परत मागवाच्या म्हणून राहिले. तुमीच जमवलं न? आता तुमीच काही बोला." एवढं बोलून तिने फोन ठेवला. कोंड्याच्या ढिगावर खेळून मोठी झालेली पोर ती. शेठना गलबलून आलं, आणि घरात भात असून तेही जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते दोघांच्या मध्ये जाऊन बसले. "लग्नाचा तांदूळ माह्याकडून," ते मायेने म्हणाले.

"म्हंजे कमी पडला होता, असंच ना?" मनीराम उसळला. "भीक नाई पायजे!"

"पाहून घ्या मालक, अशा मानसाशी सोयरीक!" भुवनेश्वरने पायात चपला सरकवल्या आणि दाराकडे निघाला. आता तो उंबरा ओलांडणार, तोच शेठ बाकावर उभे राहिले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "नहराचं पानी तुमच्या दोघांच्याही पक्षानं नाई आणलं! त्या अपक्षानं आणलं!"

भुवनेश्वर वळला. "कोनं?"

"अपक्षानं!"

"त्याच्या घरचं बोरिंग कोरडं आहे, अन् तो नहर आनते?" मनीराम म्हणाला. "समधीजी, या इकडं. सांगा मालकाले!"

समधीजी आले. दोघांनी खांद्याला खांदा लावून शेठना धारेवर धरलं. ज्याचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं, त्या अपक्षाची बाजू शेठ घाम पुसत लढवत राहिले. चहा थंड झाला तेव्हा भुवनेश्वरचा हात मनीरामच्या खांद्यावर होता.

"बँडच बरा, समधीजी. पन मालकाची अक्कल पाहा!"

"तीनशे आना," मनीराम म्हणाला. "भात कमी पडला तं नाव बदलवीन."

राजकारण आपणच काढलं, म्हणून संध्याकाळी शेठनी एकट्यानेच मिल झाडली. नाकातोंडात कोंडा गेला, शिंकून शिंकून डोळे लाल झाले. फुलवंताबाई बाकावर बसून बोट दाखवत होती. "तिकडचा कोना राहिला, मालक." शेठ मात्र खुशीत होते. रिंकीचा फोन येऊन गेला होता, बाबूजी दोन ताटं भात जेवले म्हणून.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मनीराम बशी फुंकत म्हणाला, "नवरदेवाची घोडी कोन आनून राहिला?"

"पोरीवाले आनतेत," भुवनेश्वर म्हणाला.

मनीरामने बशी खाली ठेवली. तेवढ्यात फुलवंताबाई उठली आणि तिने कोपऱ्यातला झाडू आणून शेठच्या खुर्चीला टेकवला.

"करा सुरू, मालक," ती म्हणाली. "लगन अजून दूर आहे."