बावीस टिचबटणं

तंबू भाड्याने मिळत होता. कॉलेजच्या नोटिशीत तसं स्वच्छ लिहिलं होतं. तरी ज्ञानदेव लोंढे म्हणाले, "भाड्याचा कशाला? मी शिवतो."

एवढंच बोलले. पुढचं सगळं त्यातून निघालं.

ज्ञानदेव म्हणजे बारामती डेपोच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं एस.टी.च्या गाद्या शिवलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत. पण हातात दाभण असला की समोरच्या इंजिनियरलाही ते थांबायला सांगत. आपण शिवलेल्या गाद्यांवर अर्धा जिल्हा बसून गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. (उभ्याने गेलेला अर्धा ते धरत नसत.) रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत कुणी त्यांना साधी पिशवी शिवायला सांगितली नव्हती.

लेक-सून कामासाठी परगावी, म्हणून नात करुणा आजी-आजोबांपाशी राहत होती. ती अकरावीला होती. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या मुलींचं पाच दिवसांचं शिबिर भोरकडच्या डोंगरात जाणार होतं. करुणा आजवर मोरगावच्या पुढे गेली नव्हती. तिने हट्ट केला नाही. फक्त कापडी बूट रोज धुऊन उन्हात ठेवायला लागली. ज्ञानदेव जाता-येता ते बूट सावलीतून उन्हात सरकवायचे.

अडचण होती बायकोची, रंगुबाईंची.

"कापडाच्या घरात पोरगी झोपणार? आन रातीला वाघरू आलं मंजे? न्हायतर एखादं माणूस आलं मंजे?"

"भाईरनं कुणाच्या बापाला उघडणार न्हाय, असं दार करतो."

"करा. मी सवता वडून बघणार. उघडलं तर पोरगी जायाची न्हाय. मग मला बोलायचं न्हाय."

"न्हाय बोलत."

शब्द दिला. ज्ञानदेवांनी आयुष्यात फार शब्द दिले नव्हते, त्यामुळे दिलेला मोडायची सवय नव्हती.

बारा दिवस ते अंगणात शिवत बसले. जाड कॅनव्हास. खालची ताडपत्री चारी बाजूंनी भिंतीलाच शिवलेली, म्हणजे विंचूसुद्धा आत यायला नको. वर हवेला तळहाताएवढी जाळी. दाराची घडी नीट बसावी म्हणून कडेला कणकेची खळ लावली. आणि दाराला बावीस टिचबटणं ठोकली.

ही बटणं साधी नव्हती. जीपच्या हुडाला, म्हणजे कापडी छपराला, असतात ती. टोपीवर एका बाजूला बारीक ठिपका असतो. त्या ठिपक्याकडून कड उचलली तरच बटण सुटतं. बाकी तीन बाजूंनी बैल लावून ओढलं तरी ते उलट जास्तच घट्ट धरतं. ज्ञानदेवांनी डेपोच्या जीपांना अशी शेकडो बटणं ठोकली होती. एकेक टोपी ठेवायची, पंच धरायचा, हातोडीचा एक घाव. दुसरा घाव घालणाऱ्याला ते कारागीर मानत नसत.

शेवटी लाल रंगाने तंबूवर हातभर अक्षरांत लिहिलं: ज्ञा. भि. लोंढे, बारामती. सगळ्या शिबिराला लांबून वाचता आलं पाहिजे.

फॉर्म द्यायच्या शेवटच्या दिवशी परीक्षा ठरली. सकाळी अकराला ज्ञानदेव तंबूत शिरले. करुणाने बाहेरून एकेक बटण दाबलं, त्यांनी आतून हाताचा टेका दिला. टिच, टिच, टिच. बावीस झाली. (बटणं बाहेरून लावावी लागतायत, तिथंच डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही.) करुणा फॉर्म आणायला कॉलेजात पळाली.

"वड आता," आतून हुकूम आला.

रंगुबाईंनी पदर खोचला. दोन्ही हातांनी दार धरलं. ओढलं, हिसकलं, पाय रोवून मागे झुकल्या. तंबू हलला. बटण हललं नाही.

"हाय बाबा घट्ट," त्या धापा टाकत म्हणाल्या. "जाऊ द्या पोरीला. या भाईर, भाकरी टाकते."

त्या आत गेल्या. ज्ञानदेवांनी मिशीवर हात फिरवला आणि दार आतून ढकललं.

दार उघडलं नाही.

त्यांनी वरचं बटण चाचपलं. हाताला बटणाची फक्त पाठ लागली. टोपी बाहेर होती. ठिपका बाहेर होता. कड उचलायची तीसुद्धा बाहेरच होती. एकतीस वर्षं गाडीच्या बाहेर उभं राहून हूड लावलेला हात, त्याने हे हूडही बाहेरूनच लावलं होतं.

ज्ञानदेवांना घाम फुटला. ऑक्टोबरचं ऊन होतंच, पण हा घाम वेगळा होता.

हाक मारावी? मारली तर रंगुबाईंना कळणार की बाहेरच्याला एका बोटात उघडता येतं आणि आतल्याला जन्मात नाही. मग शब्द गेला. करुणाचं शिबिर गेलं. कापावं? कात्री बाहेर, पायरीवर. आणि हातात असती तरी स्वतःचं कापड स्वतः फाडणं त्यांना जमलं नसतं. करुणा येईपर्यंत गप बसायचं. तिने बटणं दाबली होती, ठिपका पाहिला होता. जाळीतून हळूच सांगायचं, बस.

अर्ध्या तासाने रंगुबाई आल्या. "अवं, जेवाय या की."

"तपासतोय."

"काय?"

"शिवण."

"उपाशी?"

"व्हय."

तासाने पुन्हा आल्या. ज्ञानदेव म्हणाले, "हवा तपासतोय." घशाला कोरड पडली होती. पाणी मागावं तर तांब्या जाळीतून येत नव्हता.

एवढ्यात शेजारच्या भागूबाई शेळीला ओढत आल्या.

"रंगू, तात्या कुठं गं?"

"तंबूत."

"कवाधरनं?"

"अकरापास्नं. जेवायला बी येईनात."

भागूबाई थांबल्या. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. (भागूबाईंचा खाली गेलेला आवाज कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत ऐकू जायचा.) "भांडलीस व्हय?"

"म्या काय भांडू?"

"मग घर सोडून तंबूत कशाला ऱ्हायला गेला बाप्या?"

त्या जाळीशी वाकल्या. "तात्या! ह्या वयात रुसून घराभाईर पडायचं असतंय व्हय? लेकाला काय वाटंल? रंगूचं काय चुकलं आसंल तर चार शब्द बोला, पर जेवा."

"मी रुसलो न्हाय."

"मग या भाईर."

तंबूतून कुणी आलं नाही.

"बघ," भागूबाई म्हणाल्या, "रुसल्यात."

रंगुबाई तंबूपाशी बसल्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "म्या भाईरनं वडून परीक्षा घेतली म्हणून तुमास्नी राग आला का? म्या पोरीच्या काळजीनं बोलले हो. चाळीस वर्सांत तुमी कवा ताट मागं सारलं न्हाय."

आत ज्ञानदेवांनी कपाळावर हात मारून घेतला. बाहेर रडणारी बायको, आत न रुसलेला नवरा, मध्ये बावीस बटणं. त्यांना वाटलं, सांगून टाकावं. तेवढ्यात फाटकाशी लुना थांबली.

करुणा उतरली. पण एकटी नव्हती. शिबिराच्या अंजली मॅडम बरोबर होत्या.

"जय भीम, आजी. आबा कुठं आहेत? पालकांची सही माझ्यासमोर लागते. मला साडेतीनच्या गाडीनं इंदापूरला निघायचंय, तिथल्या मुलींचे फॉर्म घ्यायचेत."

"तंबूत हायेत," भागूबाईंनी उत्तर दिलं. "रुसल्यात. येनार न्हाईत."

"आबा?" करुणा जाळीकडे धावली. तिने फॉर्म जाळीला टेकवला. "आबा, तुमीच न्हाय म्हणता का आता?"

हे मात्र ज्ञानदेवांना सोसलं नाही. त्यांनी जाळीला तोंड लावलं. "पोरी, ऐक. ठिपका..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. कारण भागूबाईंच्या शेळीला दाराच्या कडेची खळ सापडली होती. तिने कड चाटली. गोड लागली. मग दातात धरून वर उचलली, नेमकी ठिपक्याकडून.

टिच.

दुसरं, टिच. तिसरं, टिच. शेळी शिस्तीत खाली उतरत गेली. दहाव्या बटणाला दार पडलं आणि आत गुडघ्यांवर बसलेले, घामाने निथळणारे ज्ञानदेव लोंढे सगळ्यांना दिसले. शेळी त्यांच्या तोंडाकडे बघत रवंथ करू लागली.

मग रंगुबाईंनी डोळे पुसले आणि त्या उभ्या राहिल्या.

"भाईरनं कुणाच्या बापाला उघडणार न्हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "शेळीला उघडलं."

ज्ञानदेव बाहेर आले. तांब्याभर पाणी उभ्यानेच प्याले. मग त्यांनी सगळं सांगितलं. मान वर करून सांगितलं. "चूक माझी. शब्द गेला. पोरगी जायाची न्हाय."

करुणाने फॉर्मची घडी घातली. रडली नाही. तंबूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आबा, झंपर उलटा घातला की गुंड्या आत जातात."

"मग?"

"तंबू बी उलटा करू."

ज्ञानदेवांनी दाराकडे पाहिलं. मग करुणाकडे पाहिलं. एकतीस वर्षांत वर्कशॉपात असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी बांबू काढले. चौघींनी कापड धरलं, पिशवी उलटी करावी तसा तंबू उलटा केला. ह्या वेळी रंगुबाई स्वतः आत बसल्या. त्यांनी बटणं आतून लावली, ज्ञानदेवांनी बाहेरून टेका दिला. मॅडमनी ओढून पाहिलं, भागूबाईंनी पाहिलं. मग शेळी सोडली. शेळीने तीन फेऱ्या मारल्या. तिला कड सापडली नाही. ती रागाने निघून गेली.

आतून टिच टिच आवाज आला आणि रंगुबाई एका बोटाने दार उघडून बाहेर आल्या.

"फारम कुठाय?" त्या म्हणाल्या.

ज्ञानदेवांनी पूर्ण नावाची सही केली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

शिबिर झालं. करुणा उन्हाने काळी होऊन, पायाला फोड घेऊन परत आली आणि दोन दिवस तिचं तोंड बंद झालं नाही. वारा सुटला, दोन तंबू उडाले, आपला हलला नाही. पाऊस आला, थेंब आत आला नाही. ज्ञानदेव चेहरा कोरा ठेवून ऐकत होते. शेवटी राहवलं नाही.

"नाव वाचलं का कुणी?"

"मी वाचायची की. रोज झोपताना. ते आतल्या बाजूला गेलंय ना, आबा."

"आन भाईरचे? काय म्हणत होते?"

करुणा घुटमळली. "म्हणायचे, तंबू लय मजबूत हाय. पर ज्यानं शिवला त्याला उलट-सुलट कळत न्हाय वाटतं. सगळी शिवण भाईर ठेवलीया."

ज्ञानदेव उठले. माळ्यावरून लाल रंगाचा डबा काढला, ब्रश शोधला आणि तंबू अंगणात पसरला.

स्वयंपाकघरातून रंगुबाईंचा आवाज आला, "अवं, रंग लावायच्या आदी भागूबाईच्या शेळीला दावा. भाईरची बाजू तिला ठावं हाय."