गौतमीची सहा फुटी शिडी

भिंतीवरचे देव कपाटात गेले आणि स्वयंपाकघरातलं सूप भिंतीवर चढलं, तेव्हाच सगुणाबाईंनी ओळखलं, की सुनेच्या अंगात आलंय.

सून गौतमी पुण्यातल्या कर्वेनगरची; नवरा नोकरीपायी परदेशात. मोबाइलवर कुणी एक बाई कमी खर्चात घर सजवायला रोज शिकवायची आणि गौतमी रोज सजवायची. महिन्याभरात भूगावातल्या त्या धडधाकट बंगल्याची पार रया गेली. लोणच्याच्या बरणीचा दिवा झाला आणि लोणचं बिचारं श्रीखंडाच्या डब्यात पोरकं होऊन पडलं. ट्रॅक्टरच्या टायरचं स्टूल झालं; त्यावर बसलेल्या माणसाला उठवायला दोन माणसं लागत. अंगणातल्या लाकडी बाजेला मोरपंखी रंग बसला, तो तीन दिवस झाले तरी वाळायचं नाव घेईना.

"आई, हा रस्टिक लुक आहे," गौतमी सांगायची.

"म्हंजी?"

"म्हणजे गावाकडच्या घरासारखं."

"आगं, आपण गावातच ऱ्हातो की!"

सासऱ्यांचा, कैलासवासी कुशाबांचा फोटोसुद्धा तिनं उतरवला. फ्रेम रंगसंगतीत बसत नव्हती म्हणे. "जित्यापणी कशात बसलं न्हाईत, आता रंगात कुठनं बसत्यात," म्हणून सगुणाबाईंनी फोटो आपल्या उशाशी नेऊन ठेवला. एरवी त्यांनी सुनेचा तो मोबाइल गोठ्यात फेकला असता. पण या सगळ्यामागे शुभांगीचं लग्न होतं.

शुभांगी त्यांची धाकटी लेक, बत्तीस वर्षांची. नऊ स्थळं नाकारून झाल्यावर तिनं हिंजवडीतल्या आपल्याच ऑफिसातला मारुंजीचा निषाद स्वतः पसंत केला होता. पोरगा गरीब गाईसारखा. घोडं अडलं होतं त्याच्या आईपाशी. कल्पनाबाई फोनवर गोड बोलायच्या, पण शेवटी म्हणायच्या, "आधी घर बघू, मंग ठरवू." आणि ते घर बघायला त्या रविवारी अकरा वाजता येणार होत्या. हे फिसकटलं तर शुभांगी दहावं स्थळ बघणार नव्हती. तसं तिनं आईला साफ सांगितलं होतं.

रविवारी सकाळी आठलाच गौतमी कोपऱ्यावरच्या कैलासच्या दुकानात हजर झाली. सगुणाबाईंची खोली तेवढी सजायची राहिली होती. तिथं भिंतीला बांबूची शिडी टेकवायची, तिच्यावर पांढरं कापड सोडायचं, शेजारी मातीच्या मडक्याचा दिवा टांगायचा आणि वर गोवऱ्यांवर नक्षी रंगवून लावायची, असा बेत होता.

"दोन लांब बांबू द्या," डोळे मोबाइलमध्येच ठेवून ती म्हणाली. "सहा फुटी. आणि आडव्या लावायला कामट्या."

कैलास वजनकाट्यामागून उठला.

"सुतळी. पांढरं मांजरपाट, चार मीटर. एक मडकं. पाच गोवऱ्या."

कैलासनं रेडिओ बंद केला. "कुणाचं म्हनायचं, वैनी?"

"आईंचं. बाकी सगळं झालं, आता आईंचंच राहिलं होतं. अकराच्या आत उरकायचंय, पाहुणे येतायत. आणि त्या मडक्याला एक भोक पाडून द्याल?"

"भोक तितंच पाडत्यात, वैनी," कैलास हलक्या आवाजात म्हणाला.

असल्या सामानाचा कुणी भाव करत नाही आणि दुकानदारही पैशाचं नाव काढत नाही. "ऱ्हाऊ द्या, मागाहून बघू," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. पुण्यात असलं दुकान शोधून सापडायचं नाही, असं मनात म्हणत गौतमी खुशीत घरी आली. ती वळल्याबरोबर कैलासनं गेणबांना फोन लावला. "सगुणाकाकी गेली. आन् सून बगा, डोळ्यात टिपूस न्हाई!"

गावातलं कुठलंही मयत गेणबांच्या हातून बांधलं गेल्याशिवाय हलत नसे. साडेनऊला ते चार माणसं घेऊन फाटकाशी उभे. सगुणाबाई तेव्हा न्हाणीत शिकेकाई लावून बसल्या होत्या.

"म्हातारी कुटंय?" गेणबांनी टोपी काढून विचारलं.

"आत. अंघोळ चाललीय," गौतमी म्हणाली.

"बरुबर. मंग आमी बांदाया घेतो."

"अय्या, कैलासनी तुम्हाला पाठवलं? होम सर्व्हिस? मला पाच पायऱ्या हव्यात हं!"

गेणबांनी बांबू जमिनीवर मांडले. दुःखानं माणसाचं डोकं फिरतं, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. "पाचात माणूस खाली येतं, पोरी. आमी सात लावतो." गौतमी कानात व्हिडिओ लावून आत गोवऱ्या रंगवायला गेली.

न्हाणीच्या झरोक्यातून ठोकाठोक ऐकू आली, तेव्हा सगुणाबाईंना वाटलं, सुनेनं आता माणसंही कामाला लावली. मग बायकांचा आवाज आला. मग रडण्याचा. आणि त्यात शेजारच्या गोजराबाईंचा चढा सूर: "लई चांगली व्हती गं! माझी परात न्हेली ती दिली न्हाई, पर लई चांगली व्हती!"

"तोंडाची फाटकी, पर हाताची सढळ," गेणबा म्हणाले.

सगुणाबाईंचा तांब्या तसाच थांबला. कोण गेलं बाई? आळीत परात आणून परत न देणारं आपल्याशिवाय दुसरं कोण आहे, याचा त्या विचार करू लागल्या.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. मारुंजीची मंडळी तासभर आधीच आली होती. घर आवरण्याआधी बघावं, हा कल्पनाबाईंचा जुना डाव. पण अंगणात पांढऱ्या कापडाची तिरडी आणि भोवती गाव बघून आणि 'सगुणाकाकी गेली' हे ऐकून त्यांचं अवसानच गळालं. त्या मटकन बाजेवर बसल्या आणि मोठ्यानं रडू लागल्या.

"काय झालं हो हे! फोनवर किती मायेनं बोलायच्या! मी मनात ठरवलंच व्हतं, हीच माझी इहीन. घर काय बगायचंय, मेलं घर! शुभांगी आजपासनं माझी लेक. आईविना पोरीला मी ऱ्हाऊ द्यायची न्हाई, देवाशपथ!"

न्हाणीचं दार उघडलं. ओल्या केसांना पंचा गुंडाळलेल्या सगुणाबाई बाहेर आल्या.

"देवाशपथ म्हनलात ना?"

कल्पनाबाईंनी अशी किंकाळी फोडली, की गोजराबाईंचं रडं जागीच थिजलं. कल्पनाबाई उठल्या तेव्हा त्यांच्या जांभळ्या पैठणीला मागून मोरपंखी पट्टे आले होते.

"म्हातारे, तू जिती हायेस?" गेणबा म्हणाले.

"न्हाई. केस धुवाया वरनं आलीया."

"अहो, हा लॅडर शेल्फ आहे!" किंकाळी ऐकून बाहेर धावलेली गौतमी रडकुंडीला आली. "आईंच्या शाली ठेवायला! व्हिडिओत अगदी असाच होता!"

"पोरी, चाळीस वर्सं मी हेच बांदतोय," गेणबा दुखावले. "शेल्फ का काय ते आमाला शिकवू नगंस."

शुभांगी चहाचा ट्रे घेऊन दाराशी पांढरीफटक उभी होती. सगुणाबाईंनी लेकीच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि त्या सरळ कल्पनाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बसा, इहीनबाई. त्या बाजंवर नको, हितं बसा."

"अवं, मी ते… दुःखाच्या भरात बोलले."

"मयताच्या दारात दिलेला सबूद माघारी घेत न्हाईत. विचारा गेणबास्नी."

"न्हाई घेत," गेणबा म्हणाले.

"पर मयत कुटं झालंय?"

"ती काय माझी चूक हाय व्हय? मी आपली अंघोळ करीत व्हते!"

निषाद खुदकन हसला. मग शुभांगी हसली आणि ट्रेमधले कप किणकिणले. कल्पनाबाईंनी गर्दीकडे पाहिलं. अर्ध्या भूगावासमोर शपथ घेऊन झाली होती. त्यांनी डोळे पुसले, पदर सावरला आणि चहाचा कप उचलला.

"पर पैठणीचं काय?"

"रस्टिक म्हना," सगुणाबाई म्हणाल्या.

दुपारी, गोजराबाईंनी सुतकासाठी टाकलेलं पिठलं आणि भाकरी खाऊन मंडळी मारुंजीला गेली. गोजराबाई जाताना आपली परात घेऊन गेल्या. अंगणात गौतमी एकटीच त्या शिडीची सुतळी सोडत बसली. गेणबांची गाठ, सुटेल कशी? तिचे डोळे भरून आले होते.

"ऱ्हाऊ दे," सगुणाबाई मागून म्हणाल्या. "मजबूत बांधलीया. लाव माझ्या खोलीत."

"खरंच, आई?"

"व्हय. फकस्त तिच्या शेजारी ह्यांचा फोटो लाव. आन् शिडी आता उभीच ठिव." त्या आत वळल्या. "आडवी करायची झाली, की मी सांगन."