चिंध्या करण्याजोगं नवं कापड

या, अशा पुढं सरकून बसा. बुवांना कीर्तनाला उभं राहायला अवकाश आहे, तोवर मनुबाईची गोष्ट ऐका. पुण्य तेवढंच लागेल, शिवाय टाळ धरायला नको.

घराची अब्रू दारावर टांगलेली असते. हे शास्त्रात नसलं, तरी सातारच्या भगिनी-सुशोभन मंडळानं एकमतानं मंजूर केलं होतं. सन पंचेचाळीसच्या हिवाळ्यात मंडळाच्या अध्यक्षा विनोदिनीबाई यांनी एका विलायती मासिकात दारावर टांगलेलं चिंध्यांचं कडं पाहिलं. तारेच्या गोल कड्याला जुन्या कापडाच्या पट्ट्या गाठी मारमारून बांधायच्या, की झालं खेडवळ थाटाचं तोरण. ठराव क्रमांक सात : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येक सभासदाच्या दारावर असे कडे असावे. चिंध्या अस्सल खेड्यातल्याच असाव्यात. (शहरी चिंधीत तो भाव नसतो.)

चिंध्या आणायचं काम मनुबाईकडे आलं. ती कृष्णेकाठच्या खेड्यातून विनोदिनीबाईंकडे धुण्याला येई. चार दिवस हिंडून ती रिकाम्या हातानं परत आली.

"चिंध्या न्हाईत गावल्या, बाईसाहेब."

"खेड्यात चिंध्या नाहीत?"

"हायेत की. पर लोकांच्या अंगावर हायेत."

मंडळानं चौकशी उपसमिती नेमली. पाहिलेली घरं, एकतीस. दोरीवर वाळत असलेली वस्त्रं, चार. ती वाळण्याची वाट पाहत आडोशाला बसलेले मालक, चार. अहवाल स्वीकारण्यात आला.

मनुबाईच्या घरात लुगडं एकच. ते नेसून ती कामाला आली, की तिची लेक बनुबाई दार लावून, वाकळ पांघरून आत बसे. बनुबाईला आठवा सरत आलेला. पोर आलं तर त्याला गुंडाळायला हातभर कापड नव्हतं. लढाईपासून कापड सरकारी मापानंच मिळे. मनुबाईनं त्या कंट्रोलच्या दुकानाची रांग तीनदा धरली, आणि तिन्ही वेळा कापड तिच्या पुढच्या माणसापाशी संपलं. (रांगेची शिस्त मात्र वाखाणण्याजोगी होती.)

मंडळाला रांगेत उभं राहावं लागलं नाही. अध्यक्षांचे यजमान गंगाधरपंत कापड वाटपाच्या कमिटीवर होते. अर्ज गेला : 'चिंध्या करण्यासाठी नवे कापड बारा वार मिळणेबाबत.' लग्नाच्या कापडाला पत्रिका जोडावी लागे, मयताच्या कापडाला दाखला. चिंध्यांना काय जोडावं हे कुठल्याच नियमात नव्हतं, त्यामुळे अर्ज कुठंही न अडता दोन दिवसांत मंजूर झाला.

मांजरपाट आला, कोरा करकरीत. आता तो जुना करायचा होता. भगिनींनी तो दगडावर आपटला, चहाच्या पाण्यात उकळला. शकुंतलाबाईंनी तर वहाणेनं घासून पाहिला. कापड मळलं, पण काही केल्या गरीब दिसेना.

मनुबाई हे तीन दिवस बघत होती. कापडाकडं बघितलं की तिला लेकीचं पोट दिसे. चौथ्या दिवशी धुण्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "कापाड असं म्हातारं हुत न्हाई, बाईसाहेब. त्याला माणसाचं आंग लागतं. कुणीतरी नेसावं, मग पोराखाली घालावं, रोज धुवावं, उन्हात टाकावं. तवा कुठं चिंधी हुती."

"किती दिवस लागतील?"

"बाळंतिणीकडं दिलं तर लौकर. एक हाय माझ्या बघण्यात."

मंडळाला हे शास्त्रीय वाटलं. तोरणं पुढच्या संक्रांतीवर ढकलण्यात आली. (घाईनं केलेली गरिबी लगेच ओळखू येते.) ठराव क्रमांक आठ : बारा वार कापड चिंधीकरणासाठी मनुबाईच्या ताब्यात द्यावे. सदर बाळंतीण व तिचे बालक यांनी ते अहोरात्र व विनामोबदला वापरून जीर्ण करून द्यावे.

"मुद्दाम फाडायचं नाही हं," विनोदिनीबाईंनी बजावलं. "आपसूक फाटलं पाहिजे."

"न्हाई जी. लय जपून फाटू दीन."

आठ वार बनुबाई नेसली, चार वारांत तिची मुलगी गुंडाळली गेली. मंडळाच्या दप्तरात दर महिन्याला नोंद होऊ लागली. माघ : कापड सुस्थितीत, खेद आहे. चैत्र : किंचित विटले. आषाढ : एक भोक, प्रगती समाधानकारक. बनुबाई त्या भोकाला ठिगळ लावणार होती, पण मनुबाईनं हात धरला. "ऱ्हाऊ दे बाई. मालकिणीचं हाय त्ये."

पुढची संक्रांत येईतो साताऱ्यात काचेच्या मण्यांच्या पडद्यांची टूम निघाली. दिल्या शब्दाची मनुबाई धुऊन घडी घातलेल्या चिंध्या घेऊन हजर झाली, तेव्हा विनोदिनीबाईंनी नाक मुरडलं. "आता ह्या कोण दारावर लावतंय? ने तुझ्या तुला." मनुबाईनं त्या चिंध्यांची आपल्या नातीसाठी वाकळ शिवली.

तुम्ही हसताय, हसा. मंडळ होतंच हसण्यासारखं. पण मंडळानं निदान कापड नवं असतानाच देऊन टाकलं होतं. आपल्या ट्रंकेच्या तळाशी एक लुगडं आहे. जरासं विटलं, की धुण्याच्या बाईला देऊन टाकू, असं आपण तीन दिवाळ्या म्हणतो आहोत, आणि ते मेलं विटायचं नाव घेत नाही. ते कुणासाठी ठेवलंय, तिचं नाव तेवढं आज, थंडी सरायच्या आत, आठवून ठेवा.